अंतराळ खात्यात काटकसर कशी करावी

सोलापुरात पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘चंद्रावर पाणी शोधता, आमच्या नळाला कधी?’ बरोबरच आहे. उजनी धरणातून सोलापूरला येणारी समांतर जलवाहिनी इतकी वर्षं श्रीहरिकोट्यातच अडकली होती ना! तेव्हा काही सूचना.

कपात आधी, फटाके नंतर. फेब्रुवारी 2023 च्या अर्थसंकल्पात अंतराळ खात्याची तरतूद 13,700 कोटींवरून 12,544 कोटींवर आणली. चांद्रयान-3 चा खर्च 615 कोटी, म्हणजे जवळपास दोन चांद्रयानं वाचवली. ऑगस्टमध्ये यान चंद्रावर उतरल्यावर पार्क चौकात पेढे वाटायला आपण मोकळे.

वालचंदनगरला पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचं बनतात, त्या ऑर्डरी लांबवा. मॅरेजिंग नावाचं खास मजबूत पोलाद जोडणारा वेल्डर काय, थांबेल की.

जादा उपग्रह तर बनवूच नका. नाविक बघा, म्हणजे आपलं देशी जीपीएस. प्रत्येक उपग्रहात तीन रुबिडियम अणुघड्याळं, त्यांच्या वेळेवरून अंतर मोजायचं. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, चुकला की अंतरात 300 मीटरचा घोळ. पहिल्या उपग्रहाची तिन्ही बंद पडली. 2017 मध्ये बदली पाठवली, तर रॉकेटच्या टोकाचं उष्णताकवच उघडलंच नाही, उपग्रह आतच कोंडला. पहिला उपग्रह 2013 चा, आयुष्य 10 वर्षांचं. 2023 पासून नवे लागणार हे पोरालाही मोजता येतं. आणि 2020-21 मध्ये खात्याच्या 13,479 कोटींचे सुधारित अंदाजात 9,500 कोटी झाले! कोरोना होता, मान्य. पण वरच्या घड्याळांनी लॉकडाऊन पाळला नाही. जानेवारी 2025 मध्ये नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-02 गेला, इंजिनाची झडप उघडली नाही, नेमलेली कक्षा गाठता आली नाही. जुलैत संसदेत उत्तर आलं: सोडले 11, स्थान सांगणारे 4. स्थान काढायला कमीत कमी चारच लागतात. झडप पैशाअभावी अडकली असं कोणी म्हणत नाही. झडपा अडकतात, रॉकेटं पडतात, म्हणून तर दुसरा उपग्रह तयार ठेवायचा असतो! तो तयार ठेवायला पैसे लागतात!

चाचण्या? वर गेल्यावर कळेलच.

जाऊ दे ही थट्टा. मे 2025 मध्ये ढगांपलीकडून जमीन बघणारा रडार उपग्रह रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडानं गेला. सप्टेंबरात सीना नदीनं माढा-मोहोळची शेतं बुडवली. वर ढग, खाली पाणी, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काय दिसणार, कापूस? तुम्हाला पावसाचा अंदाज तासातासाचा हवा, पंचनामा लवकर हवा, फोनवर रस्ता दिसायला हवा. आणि त्यासाठी उपग्रह मात्र एकच पाठवायचा, तोही स्वस्तात, आणि पडला की शास्त्रज्ञांना शिव्या घालायला पहिले तुम्हीच.