पाणथळ सुधारायचंय? मग ऐका

अभिनंदन! नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या सुशोभीकरण समितीवर तुमची वर्णी लागलीय, असं धरून चालू. पक्ष्यांतलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. कळत असतं तर वर्णी लागली नसती.

पहिलं काम गाळाचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला तो पाणी साठवायला. साठला गाळ. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, त्यांवर बाभळी आणि लव्हाळी माजली, आणि हिवाळा लागला की पक्ष्यांचे थवे उतरू लागले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गाळाने भरलेल्या जलाशयाला आंतरराष्ट्रीय दर्जा! ही नाचक्की तुम्ही खपवून घेणार? पोकलेन मागवा.

कुणी पक्षीमित्र आडवा येईल. तो तुम्हाला शेकाट्या दाखवेल. लांबसडक गुलाबी पाय, एकेक पाऊल उचलून टाकत, पाण्यातले किडे टिपत चाललेला. पाय टेकतील तेवढ्याच पाण्यात त्याचं पोट भरतं. तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून उलटं होतं, आणि मान पोचेल तिथपर्यंतच त्याचं ताट. थापट्या रुंद चोचीने वरवरचं पाणी गाळत फिरतो. दहा-बारा फूट खोली केलीत तर यांच्यातलं कुणी बुडी मारून जेवणार नाही, असं तो सांगेल. सांगू दे. सैबेरियापर्यंत उडता येतं, मग बुडी मारायला काय धाड भरलीय?

बंधाऱ्यातून पाणी कधी सोडायचं हे आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी देण्याची पाळी, ठरवतं. निफाडची द्राक्षं आधी, हे खरंच आहे, त्यावर मी थट्टा करणार नाही. पण पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, तेव्हा पाण्याची पातळी एका रात्रीत वरखाली करू नये वगैरे कुणी सुचवलं, तर विषय पुढच्या बैठकीवर ढकला. पुढची बैठक केव्हा, हे इतिवृत्तात लिहू नका.

आता झाडं. बाभूळ काटेरी, दिसायला भिकार, आणि बगळे-करकोच्यांनी विष्ठेने पांढरी केलेली. काढा. वठलेलं झाड तर दिसताक्षणी पाडा. त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो, सुतारपक्षी त्यातल्या अळ्या खातो, पण उद्घाटनाच्या फोटोत ते मेलेलं झाड कसं दिसेल? त्याजागी कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड लावा. पटकन वाढतो, एका मापात कापता येतो, आणि त्यात कुणी घरटंबिरटं करण्याची भीती कमी. खाली लॉन अंथरा.

पाणवेल, म्हणजे जलपर्णी, मात्र जपून वापरायची गोष्ट आहे. नाशिककडून येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते, म्हणून सांडपाण्याला हात लावायचा नाही. दरवर्षी नुसती वेल काढायची. दरवर्षी टेंडर निघतं, दरवर्षी कामाचे फोटो निघतात.

पर्यटक विसरून कसं चालेल? चापडगावला मनोऱ्यावर माणसं ताटकळत उभी राहतात, गावातली पोरं दुर्बिणीतून त्यांना क्रौंच दाखवतात, हळू आवाजात बोलतात. याला काय मौज म्हणायची! मोटारबोट आणा. मनोऱ्याखाली मिसळीचा स्टॉल, त्याला स्पीकर. प्री-वेडिंगवाल्यांना सकाळचे सहा ते नऊ द्या, उजेड छान असतो. ड्रोन आलं की सगळा थवा एकदम उठतो. हजारो किलोमीटर उडून येऊन पक्षी जरा चरबी धरत असतात, ती अशा चार भराऱ्यांत खर्च होते. पण व्हिडिओ काय येतो! सगळीकडून माणसं फिरवायची म्हणून काठाने सिमेंटचा जॉगिंग ट्रॅक गुंडाळा. एखादा कोपरा माणसांसाठी बंद ठेवावा, अशी सूचना आली तर विचारा, कर आपण भरतो की वारकरी? (वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला तो काळा पाणपक्षी. खऱ्या वारकऱ्यांनी राग मानू नये.)

दोन-तीन हिवाळ्यांत पक्षी कमी होतील. अहवालात ‘हवामान बदल’ लिहा. त्याला कुणी नाही म्हणत नाही. मग उपाययोजनांसाठी अभ्यासदौरा मंजूर करून घ्या. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, आणि खरं भरतपूर म्हणजे राजस्थानातलं नावाजलेलं पक्षी अभयारण्य, तेव्हा दौरा कुठे न्यायचा हे वेगळं सांगायला नको. राजस्थानात जायचं तर डिसेंबरात जा, हवा चांगली असते. सदस्यांना सहकुटुंब नेता येईल का, एवढं आधी विचारून ठेवा.