चिबूड आपोआप फुटतो

चवथीला चार दिवस उरलेले असताना भर बाजारातून माझी स्कूटर उचलून नेण्यात आली आणि तिच्या हुकाला अडकवलेल्या पिशवीतून आमच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या छताचे, निम्मे सामानही तिच्याबरोबर गेले. शहराचे नाव मी सांगणार नाही, कारण गोव्यात माणसे थोडी आणि नाती फार. नाव घेतले तर त्या हवालदाराची मावशी उद्या माझ्याच दारात उभी राहील आणि तिला चहा करून द्यावा लागेल.

मी औषधाच्या दुकानात नऊ मिनिटे होते. वाहने उभी करू नयेत अशी पाटी तिथे होती, हे मी नाकारत नाही. त्या पाटीच्या खांबाला कोणा पुढाऱ्याचा चतुर्थीच्या शुभेच्छांचा फलक बांधलेला होता आणि पुढाऱ्याच्या जोडलेल्या हातांच्या वर पाटीचा लाल काठ तेवढा टिकलीसारखा दिसत होता. माझ्या स्कूटरच्या अगदी शेजारी, रस्त्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत पसरून, एक भलीमोठी काळी जीप उभी होती. मी बाहेर आले तेव्हा जीप होती आणि स्कूटर नव्हती. जीप उचलायला यंत्र लागते आणि स्कूटर उचलायला दोन पोरगे पुरतात, तेव्हा वाहतुकीला अडथळा कोणाचा होतो हे ठरवताना वजनाचा विचार होत असावा.

"व्हेली, बाय," असा आवाज आला.

बँकेच्या बंद शटरसमोरच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायांशी छत्री आणि मांडीवर खाकी कव्हर घातलेली, शाळेची असते तशी दोनशे पानी वही. वहीला दोऱ्याने पेन बांधलेले होते.

"अकरा वाजून सतरा मिनिटांनी," ते वहीत पाहून म्हणाले.

"तुम्ही पाहिलेत? मग हाक का नाही मारली?"

"कोणत्या नावाने मारणार? तुमचे नाव मला ठाऊक नाही."

"मी औषधाच्या दुकानात शिरताना तुम्ही पाहिले असेल ना?"

"पाहिले तर. अकरा वाजून आठ मिनिटे, निळी छत्री." त्यांनी नोंदीवर बोट ठेवले. "पण बाय, साक्षीदाराने मध्ये बोलायचे नसते. बोलला की तो साक्षीदार राहत नाही, पक्षकार होतो."

मी आयुष्यात बरीच निरुपयोगी माणसे पाहिली आहेत, त्यांतली काही माझ्या माहेरची आहेत, परंतु निरुपयोगीपणाला इतकी शिस्त लावलेला माणूस मी प्रथमच पाहत होते. चौकशीअंती कळले की नोकरीची बत्तीस वर्षे त्यांनी पत्रादेवीच्या अबकारी नाक्यावर काढली होती. महाराष्ट्रात जाणाऱ्या गाड्यांत कोणी काय कोंबले आहे, हे ताडपत्रीच्या फुगवट्यावरून ओळखायचे, ही त्यांची विद्या. निवृत्तीनंतर ती विद्या वाया जाऊ नये म्हणून गेली चार वर्षे ते रोज सकाळी या पायरीवर बसतात आणि तिथे उभ्या राहणाऱ्या आणि उचलल्या जाणाऱ्या गाड्यांची नोंद करतात. ही वही सातवी. घरची मंडळी त्यांना अडवत नाहीत, असे त्यांनी आपण होऊन सांगितले, आणि मला त्या मंडळींची बाजू लगेच समजली.

वहीचे रकाने मी पाहिले. गाडीचा नंबर, वेळ, उचलणारे किती, भोंग्यावरून पुकारा केला की नाही, फोटो काढला की नाही, वर्दीवाला खाली उतरला की आत बसून राहिला, आणि शेवटी मुद्देमाल. माझ्या स्कूटरसमोर लिहिले होते: उचलणारे दोन, पुकारा नाही, फोटो नाही, वर्दी आत. मुद्देमालाच्या रकान्यात, जागा अपुरी पडल्यामुळे समासातून वर चढत, बारीक अक्षरांत नोंद होती: नारळ पाच, सुपारीचे शिंपूट एक, तोरिंजन दोन, कवंडळ तीन, चिबूड एक, अखंड.

"पिशवीतले तुम्हांला कसे कळले?"

"फुगवटा," ते म्हणाले. "आणि चिबडाचा वास."

गाड्या नेऊन ठेवतात ते आवार गावाबाहेर दोन किलोमीटरवर होते. मी पायलटला, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवरून नेणाऱ्याला, हात केला, तेव्हा आजोबांनीही उठून दुसऱ्या पायलटला हात केला. साक्षीदाराने मुद्देमालाचा शेवट पाहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे मी आणि मागे वही, अशी आमची वरात पिवळ्या मडगार्डांच्या दोन मोटरसायकलींवरून निघाली.

वाटेत मी माझ्या वकील भाच्याला फोन केला. वकील भाचा असण्याचा एवढा एकच फायदा असतो की तो मावशीकडून फी मागू शकत नाही. त्याने सांगितलेले मी जसेच्या तसे लिहिते. मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो आणि उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा असतो. दहा तास ऐकून मला क्षणभर बरे वाटले होते, परंतु पुढच्याच शब्दांनी ते बरे वाटणे संपले, कारण मनाईच्या जागी नऊ मिनिटेही पुरतात. माझ्या हाती उरला तो गणवेश. म्हणजे ठरवायचे ते गणवेशाने, आणि दोरी, आकडा आणि पोरगे ही ठेकेदाराची. आपल्याकडे मात्र प्रत्यक्षात निवड पोरगे करतात आणि गणवेश पुढच्या सीटवर काच वर करून बसलेला असतो.

मला राग आहे तो याचा. अधिकार पोलिसांचा वापरायचा आणि जबाबदारीची वेळ आली की आम्ही खाजगी माणसे, असे म्हणायचे. तक्रार पोलिसांकडे न्यावी तर ते ठेकेदाराकडे पाठवतात आणि ठेकेदाराकडे न्यावी तर तो टोपीकडे बोट दाखवतो. शिवाय जितक्या गाड्या उचलल्या तितका पैसा, असा व्यवहार एकदा ठरला की पोरग्यांना हलक्या गाड्या दिसू लागतात आणि जड गाड्या दिसेनाशा होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीवर बसलेल्या माणसासकट दुचाकी उचलण्यात आली होती, आणि त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला तान्ह्या बाळाला पाजत मागच्या सीटवर बसलेल्या बाईसकट मोटार ओढत नेली होती. दोन्ही वेळा चित्रफीत गावभर झाली, म्हणून दखल घेतली गेली. कर्नाटक सरकारने तर बेंगळुरूतल्या तक्रारींना कंटाळून फेब्रुवारी २०२२ मध्ये गाड्या उचलणे काही काळ बंदच केले होते. माझ्या स्कूटरवर बाळ नव्हते, चिबूड होता.

गंमत म्हणजे हे यंत्र जन्माला आले ते माणसाच्या मदतीसाठी. अमेरिकेतल्या चॅटनूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता. ओढ्यात पडलेली मित्राची मोटार बाहेर काढताना त्याच्या आणि सोबतच्या माणसांच्या नाकी नऊ आले, म्हणून १९१६ मध्ये त्याने जुन्या मोटारीवर कप्प्या आणि साखळ्या चढवून गाडी ओढणारी पहिली गाडी बनवली. त्या गावात पुढे या गाड्यांचे संग्रहालय झाले आणि रस्त्यावर अडलेल्यांना सोडवताना जीव गमावलेल्या कामगारांचे स्मारकही उभे राहिले. ओढ्यातून मोटार काढण्यापासून औषधाच्या दुकानासमोरून स्कूटर पळवण्यापर्यंतची ही शंभर वर्षांची प्रगती मी पायलटला सांगितली, तेव्हा त्याने हेल्मेटच्या आतून "होय, होय" म्हटले आणि खड्डा चुकवला.

आवारात माझी स्कूटर दोन भाड्याच्या गाड्यांच्या मधोमध तिरकी उभी होती. मडगार्डला दोरीचा ओरखडा होता. तो आधीचाच आहे, असे मी विचारण्यापूर्वीच एका पोरग्याने सांगितले. पिशवी हुकाला होती. नारळ, शिंपूट, कवंडळे, तोरिंजने, सगळे जागेवर. चिबूड मात्र मधोमध फाटून त्याचा गर पायाखालच्या रबरावर पसरला होता आणि आवारभर असा वास सुटला होता की कुंपणापलीकडची गाय तारेतून तोंड आत घालून उभी होती.

"हा कोणी फोडला?"

"कोणी नाही, मॅडम," पोरगा शांतपणे म्हणाला. "चिबूड आपोआप फुटतो."

या वाक्यापुढे मी हतबल झाले, कारण ते खरे आहे. पिकलेला चिबूड आपोआप फुटतो, हे मीच दर चवथीला नवऱ्याला सांगत आले आहे. ओरखडा आधीचाच असतो, आरसा सैलच असतो, चिबूड आपोआप फुटतो. उचलणाऱ्याच्या हाती आलेली प्रत्येक वस्तू जणू मोडण्याच्या बेतातच असते.

"उचलताना अखंड होता," आजोबा वही उघडत म्हणाले. "अकरा सतरा. नोंद आहे."

टेबलामागचा हवालदार प्रथमच मान वर करून बघू लागला. "तुम्ही कोण?"

"साक्षीदार."

"चिबडाचे?"

"सगळ्याचे."

हवालदाराने वही मागितली. यानंतरची पाच मिनिटे मी आजन्म विसरणार नाही. चिबूड देठाकडून फुटला की मधून, देठाकडून फुटल्यास तो पिकून फुटला असे धरावे काय, मधून फुटल्यास आपटला असे म्हणता येईल काय, आणि फुटीच्या कडा ओल्या असताना वेळेचा अंदाज किती अचूक मानावा, यावर अबकारी आणि पोलीस ही दोन खाती सालीचे दोन तुकडे हातात घेऊन गंभीरपणे बोलत होती. पोरगाही मधून मधून अनुभवाचे सांगत होता, कारण त्याच्या वडिलांचा मळा होता. मला वाटले, इतकी काळजी कोणी माझ्या मडगार्डची केली असती तर! अखेर फूट आडवी असल्यामुळे ती आपटूनच झाली, असा निष्कर्ष निघाला आणि हवालदाराने उचलण्याचे पैसे सोडून देऊन केवळ ५०० रुपयांचा तालांव, म्हणजे दंडाची पावती, फाडायचे कबूल केले. मी पर्स उघडली.

तेवढ्यात हवालदाराने वहीचे मागचे पान उलटले.

"ही गाडी गेल्या शुक्रवारीही तिथेच होती?"

"शुक्रवारी होती," आजोबा म्हणाले. "मंगळवारीही होती. वीस मिनिटे."

"काका!" मी म्हणाले.

"पण त्या दोन्ही दिवशी क्रेन आली नव्हती," त्यांनी तितक्याच नि:पक्षपातीपणाने पुढे सांगितले.

"दुसऱ्यांदा केले की १,५०० होतात, मॅडम," हवालदार म्हणाला. कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती गोव्यात एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात हा आकडा आहे, हे भाच्याने वाटेत सांगितले होते. आधीच्या दोन वेळांचा तालांवच नसेल तर आजची चूक पहिलीच, हेही त्यानेच सांगितले होते. मी ते म्हणून दाखवले. हवालदाराने खांदे उडवले, ५०० चा तालांव फाडला, आणि उचलण्याचे पैसेही त्यात गुपचूप परत जोडले. चिबडाची भरपाई दोन वाक्यांत गेली. कोणत्या नियमाने, असे विचारल्यावर त्याने भिंतीकडे बोट केले. भिंतीवर दरपत्रक असावे, अशी अपेक्षा होती. तिथे गेल्या वर्षीचे दिनदर्शिकेचे पान होते.

मला फार मोठे काही नको आहे. उचलण्यापूर्वी एकदा भोंग्यावरून नंबर पुकारावा, गाडी कशी उभी होती त्याचा एक फोटो काढावा, मालक धावत आला तर चाके जमिनीवर असेपर्यंत गाडी तिथेच सोडावी, पोरग्यांच्या छातीवर नाव असावे आणि दर भिंतीवर असावा. हे सगळे रकाने एका निवृत्त माणसाने शाळेच्या वहीत पदरच्या खर्चाने आखलेले आहेत. ठेका देणाऱ्यांना ते का आखता येत नाहीत, हे मी हवालदाराला विचारले नाही, कारण तो तोवर जेवायला उठला होता.

आजोबांना मी स्कूटरच्या मागे बसवून बाजारात परत आणले. राग होताच, परंतु पायलटचे पैसे त्यांनी स्वतःचे स्वतः दिले होते. काळी जीप अजून तशीच रस्त्यावर पसरलेली होती.

"हिची नोंद?" मी विचारले.

"हिची वेगळी वही आहे," ते म्हणाले.

मला दुसरा चिबूड घ्यायचा होता आणि एव्हाना चिबडांचे भाव सकाळपेक्षा वाढले होते. स्कूटर आता कुठे लावू, असे मी त्यांना विचारले. त्यांनी पायरीवर रुमाल झटकला, बसले, पेनचे टोपण काढले आणि छत्रीच्या टोकाने जीपच्या मागची चिंचोळी जागा दाखवली.

"तिथे लाव. हिच्या आसपास ते येत नाहीत."

मी लावली.