लिनक्स टाकलं म्हणून लॅपटॉप गेला? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

परत तोच मेसेज फिरतोय, जळगाव-भुसावळकडच्या पोरांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतंच. म्हणे विंडोजसोबत लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं की विंडोज उडतं, निळी स्क्रीन आली म्हणजे हार्डडिस्क गेली, काळी आली म्हणजे ग्राफिक्स कार्ड जळालं, आणि उपाय एकच, सगळं फॉरमॅट. मागे धुळ्याहून एका पोराचा सकाळीच फोन, "भाऊ, मन्हा लॅपटॉप चालूच व्हत नही." मी म्हटलं संध्याकाळी बघतो, हात लावू नको. तोवर त्याने हाच मेसेज वाचून दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घेतला, फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यातच होता. जीव तुटतो हो असं ऐकलं की.

पहिलं, इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क पुसायचा पर्याय निवडला नसेल तर विंडोज उडत नाही. आत्ताच्या युईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) मशीनमध्ये डिस्कवर एक छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, असतं, त्यात विंडोजचं आणि लिनक्सचं वेगवेगळं फोल्डर असतं, लिनक्स फक्त आपला ग्रब (कुठली सिस्टीम चालू करायची ते विचारणारा मेनू) पहिल्या नंबरला लावतं. चालू करताना बूट मेनूची की दाबा (एफ१२, एफ९, एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते) आणि विंडोज बूट मॅनेजर निवडा. उघडलं? मग उडालं काय, नुसता नंबर बदललाय. काही जण विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करतात आणि मग ग्रब लिहिलेली काळी स्क्रीन बघून घाबरतात, तिथेही आधी हेच करून बघा.

आता निळी स्क्रीन, याच्यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. खाली "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" लिहिलंय का ते वाचा. बऱ्याच लॅपटॉपला बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, इंटेल आरएसटी किंवा रेड मोडवर असतं, लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही म्हणून पोरं ते सरळ एएचसीआय या दुसऱ्या मोडवर करतात आणि विंडोजला त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड करायची सवयच नसते, म्हणून ते आपटतं. डिस्क ठणठणीत असते. बायोसमध्ये मोड परत जुना करा, विंडोज येतं. मग विंडोजमध्ये सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) सेट करा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, ड्रायव्हर लागतो, नंतर सेफ मोड काढून टाका.

दुसरी निळी स्क्रीन बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर), ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. सिक्योर बूट (ओळखीचीच सिस्टीम चालू होऊ देणारी सेटिंग) किंवा बूटचा क्रम बदलला की ती येऊ शकते, तो बिघाड नाही, कुलूप आहे. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. बायोसला हात लावायच्या आधीच ती वहीत लिहून ठेवा रे बाबांनो.

काळी स्क्रीन एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना जास्त येते. लिनक्ससोबत येणारा नूवो ड्रायव्हर काही कार्डांवर अडकतो. ग्रबमध्ये उबंटूवर (किंवा तुमचं जे लिनक्स असेल त्यावर) असताना ई दाबा, linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा, एफ१० दाबा. आत गेल्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका. कार्ड जळालं असतं तर विंडोजमध्ये तरी नीट चाललं असतं का?

आणि दर वेळी दोष लिनक्सचाच कसा? ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटनेच कित्येक ड्युअल बूट (दोन्ही सिस्टीम असलेल्या) मशीनवर लिनक्स चालू होणं बंद केलं, स्क्रीनवर "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" यायचं. तेव्हाही फॉरमॅटची गरज नव्हती, सिक्योर बूट तात्पुरतं बंद केलं की लिनक्स उघडत होतं.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र त्या मेसेजवाल्याला माहीतच नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि मशीन काहीच मेसेज न देता फटकन बंद पडतं. चोपड्याकडे एका जिनिंगच्या ऑफिसातला पीसी असाच बंद पडायचा, सगळे म्हणत लिनक्समुळे. उघडला तर हीटसिंकवर कापसाच्या तंतूंचा जाड थर, बोटाने सोलून काढला, अख्खा पापडासारखा निघाला. त्या दिवसापासून दोन्ही सिस्टीम चालताय.

तरीही काही जमलं नाही तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ट्राय मोडमध्ये (इन्स्टॉल न करता) चालू करा, बिटलॉकर असेल तर ती की हाताशी ठेवा, आणि प्रोजेक्ट, फोटो, शेताचे कागद जे काय असेल ते आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. दुकानात न्यायचं ते त्याच्यानंतर.