पन्हाळा ते पावनखिंड, व्हाया सुतळी

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी "पन्हाळा-पावनखिंड, दोन दिवस, कोण कोण?" असं टाकलं आणि मी रात्री साडेअकराला पोटभर जेवून पंख्याखाली लोळत असताना "मी!!" लिहून टाकलं, तिथंच घात झाला. बायको एवढंच म्हणाली, "कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढतोस तू."

शूज माळ्यावर होते, सहा वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेले, बॉक्ससकट, एकदाही पायात न घातलेले. आतल्या गोंदाचं वय झालंय हे मला कोण सांगणार.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा दिल्या, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा, मग राजदिंडीच्या दरवाजातून खाली उतरायला लागलो. जुलै १६६०, आषाढ पौर्णिमेची रात्र, सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, आणि महाराज सहाशेक मावळे घेऊन याच बाजूनं निसटले. शिवा काशिद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून मुद्दाम पकडले गेले आणि जिवाला मुकले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मी स्वतःला बाजीप्रभूच समजत आलोय, अगदीच कमी म्हणजे त्यांचे भाऊ फुलाजी. उतारावर गुडघे कुरकुरायला लागले तसा मी पालखीच्या भोयांमध्ये आलो, आणि मसाईच्या पठारावर पोचेपर्यंत तिथूनही राजीनामा दिला होता.

मसाईचं पठार संपतच नाही. धुक्यात पुढच्याची फक्त सॅक दिसते. अशात डाव्या शूजचा सोल पुढून सुटला आणि मगरीसारखा तोंड उघडून चिखल खायला लागला, प्रत्येक पावलाला चपाक, चपाक, आणि आत गार पाणी. लीडरनं सॅकमधून सुतळी काढून बांधून दिला. अर्ध्या तासात उजवाही सुटला. लीडर काही बोलला नाही, सुतळी मात्र परत सॅकमध्ये न ठेवता माझ्याच हातात दिली.

पुढं एका खाचरात रोपलावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, गुडघाभर चिखलात अनवाणी उभी एक आजी माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "कुठनं आलासा?"

"पन्हाळ्यावरनं. चालत."

"का वो, यष्टी चुकली काय?"

पावनखिंड किती लांब विचारलं तर "हितंच की, त्यो डोंगर वलांडला की आलं." तो डोंगर ओलांडला. मागं तसलाच दुसरा होता. या पट्ट्यात "हितंच" हे अंतराचं माप आहे, त्याचे किलोमीटर अजून कुणी काढलेले नाहीत.

मुक्काम एका वाडीतल्या शाळेत. भाकरी, पिठलं, ठेचा, मी चार भाकऱ्या खाल्ल्या, लाजलो नाही. मग लीडरनं ड्यूट्या लावल्या. दिवसभर दुसरं काही जमलं नाही म्हणून मला सोपं काम, व्हरांड्यात झोपायचं आणि शूजवर लक्ष ठेवायचं, कारण कुत्री शूज पळवतात. बाहेर मुसळधार पाऊस. मला एकदम सिद्दीचे पहारेकरी आठवले. चार महिने चिखलात काढलेले, त्यात बातमी आली की राजे शरण येतायत, मग कशाला जागायचं, असं म्हणून ढिले पडलेले ते लोक. लहानपणी मी त्यांना हसायचो. त्या रात्री मला त्यांचं सगळं पटलं आणि मी स्लीपिंग बॅगची चेन डोक्यापर्यंत ओढून घेतली.

सकाळी लीडरचा एक शूज गायब. नवा, महागातला. माझे सुतळीवाले जिथल्या तिथं, कुत्र्यानं हुंगलेसुद्धा नसावेत.

लीडर गावातल्या कुणाच्यातरी उसन्या स्लीपर घालून दिवसभर चालला, माझ्याशी एक शब्द नाही. दुपारी खिंडीत उतरलो. कासारी इथंच उगम पावते, पावसात दोन्ही कड्यांमधून पाणी असं घुमतं की शेजारच्याचं ऐकू येत नाही. आदल्या रात्रीपासून हे सगळं अंतर चिखलातून पळत आल्यावर तीनशेक मावळे इथं उभे राहिले, म्हणजे लढाई त्यानंतर सुरू झाली. मी तर तोवर दोनदा बसलो होतो.

लीडर दगडावर चढून ओरडून गोष्ट सांगायला लागला, मागं सिद्दी मसूद, पुढं विशाळगड, आणि गडावरून तोफेचे आवाज येईपर्यंत बाजींनी खिंड सोडली नाही. "ज्याला जिथं उभं केलं," तो म्हणाला आणि थांबला, आणि स्लीपर घातलेला पाय जरा पुढं घेऊन सरळ माझ्याकडं बघितलं, "तिथून तो हलला नाही!"

मी खाली वाकून सुतळी घट्ट करायला लागलो.