'पॉपकॉर्न खात पैलवानांना मार्क देऊ नयेत' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

'सत्यघटनांवरचे माझे आवडते सिनेमे' या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. नावाच्या जागी 'स्पष्टवक्ता, सातारा' एवढंच लिहिलंय, तेव्हा तुम्हाला स्पष्टवक्तेसाहेब म्हणतो, चालवून घ्या.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेबांचं म्हणणं असं : 'चंदू चॅम्पियन'ला पहिला नंबर दिला कारण लेखक सांगलीचा. 'दंगल'मध्ये बापाला खोलीत कोंडल्याचा प्रसंग बनावट आहे, खऱ्या प्रशिक्षकाला खलनायक केलंय, आणि लेखक त्याच प्रसंगावर अंगावर काटा आल्याचं लिहितो. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ची बोळवण चार ओळींत केली. 'आनंदी गोपाळ'मधले गोपाळराव खऱ्यापेक्षा फार गोड आहेत. आणि शेवटी, जसंच्या तसं देतो : "लाल मातीला बोट न लावलेल्यांनी एसीत बसून पॉपकॉर्न खात पैलवानांच्या आयुष्याला मार्क देऊ नयेत."

बाकीचं आपण बघू. आधी हे वाक्य घेऊ.

तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. 'हा प्रसंग खोटा आहे, तो तुम्ही का आवडून घेतला' असं विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं आणि दोघंही आपापल्या कामाला लागलो असतो. पण तुम्हाला प्रश्न विचारायचा नव्हता, मला जागा दाखवायची होती. आता जागा दाखवलीच आहे तर बसून सविस्तर बोलतो.

माझं गाव आत्ताच्या पलूस तालुक्यातलं, कुंडलपासून जवळ. कुंडलचं कुस्तीचं मैदान काय असतं ते सातारकराला सांगायची गरज नसावी. आमच्या परड्याची भिंत आणि गावच्या तालमीची भिंत एकच. पहाटे जाग यायची ती शड्डूच्या आवाजानं. हौदा, म्हणजे तालमीतली कुस्तीची माती, उकरायचं काम आम्हा बारक्या पोरांचं. खोऱ्यानं माती खणायची, ढेकळं फोडायची, खडा लागला तर वेचून बाहेर टाकायचा, मग मोठी पोरं त्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तेल आणि कापूर घालून माती पायानं एक करायची. त्या मातीचा वास आंघोळ केली तरी जात नाही. वर्गात आमचे गुरुजी मला खिडकीशी बसवायचे ते हुशारीसाठी नव्हे.

मी पैलवान झालो असं मी कधीच म्हटलेलं नाही. रेवड्यांवरच्या कुस्तीपलीकडे माझी मजल गेली नाही. जत्रेच्या मैदानात मोठ्या जोडी लागायच्या आधी बारकी पोरं सोडतात, जिंकला त्याच्या ओंजळीत रेवड्या. हलगी कडाडायला लागली की पोटात गोळा यायचा आणि समोरच्यानं पट काढला की सरळ आभाळ दिसायचं. पुढं एकदा सरावात खांदा निखळला. आईनं त्या रात्री लंगोट चुलीत घातला आणि विषय संपवला. खांदा थंडीत अजून बोलतो. साहेबांना बोट लावल्याचा पुरावा हवा असेल तर एक्स-रे काढून पाठवतो, पत्ता कळवा.

आता हे सगळं सांगायचं कारण. 'दंगल'मध्ये तुम्हाला खोली दिसली, मला माती आणि गादी दिसली. त्या सिनेमाचा कणा तोच आहे. बाप मातीतला, घरच्या गाद्या जोडून पोरींना मॅट करून देणारा. पोरगी अकादमीत जाते, मॅटवरचं नवं तंत्र शिकते, आणि घरी येऊन बापालाच सांगते की तुमचं जुनं झालं. मग बाप-लेकीची झोंबी होते आणि दमलेला बाप खाली जातो. तो प्रसंग खरा घडला का, असं मला विचाराल तर मी म्हणेन, आमच्याकडे रोज घडतो. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, निकाल सगळ्या मैदानाला दिसतो. मॅटवर गुण, फेऱ्या, घड्याळ, शिट्टी. आमच्या तालमीत पहिली गादी आली तेव्हा वस्ताद तिच्यावर चढलेच नाहीत. कडेला उभे राहून बघायचे. पोरगं दोन गुण घेऊन मागं सरकत वेळ काढायला लागलं की मान फिरवायचे. 'चित कर की त्याला' एवढंच. त्यांच्या हाताखालची चांगली पोरं पुढं पुण्याकोल्हापूरला मॅटवर गेली आणि सुट्टीत आली की त्यांच्या पाया पडून, नजर चुकवून बाहेर पडायची. हे मी बघितलंय, पॉपकॉर्न न खाता.

तेव्हा खोलीबद्दल तुम्ही जे सांगताय ते मला ठाऊक नव्हतं अशी समजूत करून घेऊ नका. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटाच्या अंतिम लढतीत गीता फोगाटनं, म्हणजे 'दंगल'मधल्या खऱ्या पोरीनं, ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेनस्टेडला सलग फेऱ्यांत हरवलं. शेवटच्या सेकंदाचा पाच गुणांचा डाव नव्हता, आणि तिच्या वडिलांना, महावीरसिंगांना, कुणी कोंडलं नव्हतं. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय, त्यासाठी साताऱ्याहून निरोप यायची गरज नव्हती. मी लेखात ते लिहिलं नाही कारण लेख सिनेमे का आवडले याचा होता, पंचनाम्याचा नव्हता.

सरळ निघालेली कुस्ती दोन तासांनंतर दाखवली असती तर लोक चपला शोधायला लागले असते. दिग्दर्शकानं बापाला बाजूला काढलं, कारण त्याला पोरगी एकटी उभी करायची होती. आमच्या मैदानातही पोरगं आत उतरलं की बाप गर्दीत मागं सरकतो, काहींना तर बघवत नाही. म्हणजे कुलूप खोटं असेल, एकटेपणा खोटा नाही. माझ्या अंगावर काटा त्याचा आला. काटा कुठं यावा याची परवानगी तुमच्याकडून घ्यायची असते हे आत्ता कळलं.

प्रशिक्षकाचं म्हणाल, तर सिनेमात त्यांचं नाव बदललंय, आडनाव कदम ठेवलंय आणि काम केलंय आपल्या गिरीश कुलकर्णींनी. आमच्याकडे गल्लीत दोन कदम असतात, एकानंही माझ्याकडे तक्रार केली नाही. खऱ्या प्रशिक्षकांना वाईट वाटलं, ते त्यांनी जाहीर बोलून दाखवलं, वाटणारच. तो विषय त्यांच्या आणि निर्मात्यांमधला आहे. पुढं.

आता सांगलीचा आरोप. 'चंदू चॅम्पियन' ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर इस्लामपूरजवळच्या पेठचे, हे मी लेखातच लिहिलं होतं, लपवून ठेवलं नव्हतं. त्यांना पहिला नंबर गावाचा नाही, गोष्टीचा आहे. सैन्यातला बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला, पोहायला लागतो आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण घेतो. वेळ ३७.३३ सेकंद. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. आणि पद्मश्री कधी? २०१८ साली. मधल्या सेहेचाळीस वर्षांत सांगलीच्या बसस्टँडवर उभं राहून विचारलं असतं तर किती जणांना नाव सांगता आलं असतं? मला तरी आलं नसतं. कबीर खानच्या सिनेमात बरंच रचलेलं आहे, विजय राजचा टायगर अली हा प्रशिक्षक धरून. पण हरावं म्हणूनच आखाड्यात उभा केलेला पोरगा चुकून जिंकतो आणि मग लंगोटावर जीव घेऊन पळतो, तो प्रसंग बघताना मी थिएटरात मोठ्यानं हसलो. शेजारचे बघायला लागले. कारण गावातल्या वजनदार माणसाच्या पोराला पाडणं म्हणजे काय असतं ते मुंबईच्या प्रेक्षकाला विनोद वाटेल, आम्हाला पत्ता माहीत आहे.

शिवाय एक गोष्ट तुम्ही सोयीनं विसरलात. त्याच सिनेमात लहान मुरलीच्या डोक्यात ऑलिम्पिकचं वेड घालणारा माणूस कोण आहे? खाशाबा जाधव. गोळेश्वरचे, कराड तालुक्याचे, म्हणजे तुमच्या सातारा जिल्ह्याचे. १९५२ च्या हेलसिंकीतलं कांस्यपदक घेऊन आलेले. सांगलीच्या पैलवानाच्या सिनेमाची सुरुवातच सातारकरानं होते, आणि तुम्ही मला जिल्हाभक्त म्हणता! नागराज मंजुळे यांनी 'खाशाबा' जाहीर केला तेव्हा मी त्यावर मोठा लेख लिहिला होता. त्याखाली साताऱ्याहून एकही प्रतिक्रिया नव्हती. स्पष्टवक्ते त्या दिवशी बाहेरगावी असावेत.

मला सांगलीची तरफदारीच करायची असती तर 'मैदान'वर लिहिताना केली असती. तो सिनेमा १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या फुटबॉल सुवर्णाचा, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा. त्याच जकार्तात, त्याच स्पर्धेत, सांगलीजवळच्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्ण घेतलं. पुढं हिंदकेसरी झाले. फुटबॉलवर तीन तासांचा सिनेमा निघाला, हिंदकेसरींवर निघाला नाही. यावर मी लेखात एक अवाक्षर काढलेलं नाही. आता काढतो, तुम्ही विषय काढलात म्हणून.

खरंखोटं तपासायची इतकी हौस असेल तर क्रिकेट विश्वचषकावरच्या '८३' सिनेमाचं काय करणार? टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध १८ जून १९८३ ला भारत ५ बाद १७, आणि तिथून कपिल देव नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रीकरणच नाही, बीबीसीचा त्या दिवशी संप होता असं सांगतात. म्हणजे ती खेळी मैदानावर हजर होते तेवढ्यांनीच पाहिलेली. सिनेमात जी दिसते ती धावफलकावरून आणि लोकांच्या आठवणींवरून उभी केलेली. आता तुम्ही ती कशाशी ताडून बघणार? आमच्या वडिलांनी ती खेळी रेडिओवर ऐकली अशी त्यांची ठाम समजूत होती आणि ते तिचं वर्णन फटक्यांसकट करायचे. सिनेमा बघून आल्यावर म्हणाले, 'असंच होतं.' मी काही बोललो नाही. तुम्ही असता तर त्यांनाही चार शब्द सुनावले असतेत.

आणि हे सांगलीत बसून लिहितोय म्हणून आठवलं. १८४३ साली इथंच विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हाही मागच्या रांगेतून कुणीतरी 'रामायणात असं नाही' म्हणून उठला असेलच. नाटक थांबलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला मी चार ओळी दिल्या, त्याला जास्त हव्या होत्या. परेश मोकाशींनी फाळक्यांचं चरित्र रडतखडत सांगितलं नाही, घरातली भांडीकुंडी विकायची वेळ आली तरी बाई आणि पोरं त्या खेळात उत्साहानं सामील, आणि तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहातल्या साळुंक्यांना उभं केलं, तो भाग तर निव्वळ आनंद आहे. नंदू माधवांचे फाळके सगळा वेळ कुठंतरी निघालेले असतात. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' या असल्या माणसाकडूनच व्हायचा होता. तेवढं तुमचं बरोबर, आणि ते मी मोकळ्या मनानं म्हणतो, कारण मी मुद्द्याला मुद्दा मानतो. समोरच्यानंही तसं केलं तर बरं वाटतं.

गोपाळरावांचं राहिलं. आनंदीबाईंच्या स्वतःच्या पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराचा उल्लेख आहे, हे त्या सिनेमावर लिहिणारा प्रत्येक जण वाचून बसलेला असतो. सिनेमातले गोपाळराव हट्टी, तऱ्हेवाईक आहेतच. किती दाखवायचं ते समीर विद्वांस यांना विचारा, ते माझ्या प्रतिक्रिया वाचत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. दोघातिघांनी तुमची बाजू घेऊन 'प्रशिक्षकाच्या मुद्द्याचं उत्तर द्या' असं खाली लिहिलंय. त्यांना वरचा प्रशिक्षकाचा परिच्छेद पुन्हा वाचायची विनंती.

पुढच्या आठवड्यात 'पान सिंग तोमर'. त्यात बंदूक हातात यायच्या आधी बराच वेळ माणूस स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावतो, आणि मी तेवढ्याच भागावर लिहिणार आहे. धावण्याचाही दाखला लागत असेल तर आत्ताच सांगून ठेवा, शोधायला वेळ लागतो.