२१ दिवसांत हँडिकॅप ५? दाजी, पैसे भरू नका!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘घरबसल्या गोल्फ हँडिकॅप सर्टिफिकेट, २१ दिवसांत ५ ची गॅरंटी, कोर्सवर जायची गरज नाही, सरकारी नोकरीत खेळाडू कोट्याला चालतं’. हँडिकॅप म्हणजे कोर्सला (गोल्फच्या मैदानाला) ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, त्याला पार म्हणतात, तुम्हाला साधारण किती फटके जास्त लागतात त्याचा आकडा, जितका कमी तितका खेळाडू भारी. मेसेजमध्ये वर हँडिकॅप म्हणजे काय ते शिकवणारे मुद्दे पण दिलेत आणि त्यातला एक सुद्धा धड नाही. मी दुर्लक्ष करत होतो, पण परवा तासगावचे दाजी फोनवर म्हणाले, पोरगं पुण्यात हापिसातल्या लोकांबरोबर गोल्फ शिकायला लागलंय, द्राक्षाचे पैसे आलेत तर त्याला हे घेऊन टाकू का. आता मात्र लिहायलाच पाहिजे.

आधी तो सरासरीचा मुद्दा. मेसेज म्हणतो, ‘तुमच्या सगळ्या राउंडची सरासरी म्हणजे हँडिकॅप’. चूक. २०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे, नियम यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांचे, आणि आपल्याकडं ती इंडियन गोल्फ युनियन चालवते. त्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की शेवटच्या २० राउंडमधले फक्त सगळ्यात चांगले ८ धरायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ते पण नुसते स्कोअर नाहीत. स्कोअरमधून कोर्स रेटिंग (चांगल्या खेळाडूला तिथं साधारण किती फटके लागतात तो आकडा) वजा करायचं, उरलेल्याला ११३ नं गुणायचं आणि त्या कोर्सच्या स्लोपनं (साध्या खेळाडूला तो किती अवघड जातो तो आकडा, मध्यम कोर्सला ११३) भागायचं. समजा ९५ मारले, रेटिंग ७१, स्लोप १२०, तर २४ गुणिले ११३ भागिले १२०, म्हणजे २२.६. अवघड कोर्सवरचे ९५ आणि सोप्या कोर्सवरचे ९५ सारखे नसतात, म्हणून ही भानगड. याच कारणानं ‘आकडा सगळीकडं तोच राहतो’ हा त्यांचा मुद्दा पण गेला. इंडेक्स (वर काढला तो हँडिकॅपचा आकडा) २० वाल्याला ११३ स्लोपच्या कोर्सवर २० स्ट्रोक मिळतात, म्हणजे स्कोअरमधून तेवढे फटके वजा होतात, १३५ वाल्यावर २४, रेटिंग आणि पार सारखेच असले तर.

आता खरा वैतागवाडा, ‘न खेळता ५’.

अहो, हँडिकॅप मिळवायला किमान ५४ होल खेळावे लागतात, १८ चे तीन राउंड म्हणा नाहीतर ९ चे सहा. नियमानं खेळायचे, सोबत कुणीतरी पाहिजे, एकट्यानं खेळलेलं धरत नाहीत, आणि मग ते कार्ड क्लबकडं जमा होतं. तीनच राउंड असतील तर त्यातला सगळ्यात चांगला घेऊन त्यातून २ वजा करतात. नवख्यानं एखाद्या होलवर १२-१४ घालवले तरी सुरुवातीच्या हँडिकॅपसाठी पारच्या वर ५ एवढेच मोजतात, म्हणजे पार ४ ला जास्तीत जास्त ९. एवढी सवलत आहे! आणि वरची मर्यादा ५४, बाई असो की पुरुष. म्हणजे नवख्यानं लाजायचं काही कारणच नाही, तरी हे लोक ५ विकतायत.

आणि ५ घेऊन करणार काय? हँडिकॅप हा काय शाळेतला नंबर नाही मिरवायला. कुस्तीत वस्ताद तोलामोलाची जोड लावतो, गोल्फमध्ये हलका आणि भारी एकाच मैदानात उतरवतात आणि मधला फरक स्ट्रोक देऊन भरून काढतात, एवढंच त्याचं काम. दाजींचं पोरगं खरं ३० चं असेल आणि २० वाल्यासमोर खेळलं तर ढोबळमानानं त्याला १० स्ट्रोक मिळायला पाहिजेत. हातात ५ चा कागद असला तर उलटे त्यालाच १५ द्यावे लागतील! पैसे भरून २५ स्ट्रोकचा खड्डा स्वतःसाठीच खणायचा, आणि वर पहिल्या टीवरच, म्हणजे पहिला फटका मारतानाच, सगळ्या हापिसासमोर शोभा. लबाडी करणारे असतात, नाही असं नाही, पण जिंकायला लबाडी करणारे हँडिकॅप मुद्दाम वाढवून ठेवतात, म्हणजे जास्त स्ट्रोक मिळतात, कमी नाही करत. त्यावर पण इलाज आहे. वर्षभरातल्या सगळ्यात कमी इंडेक्सच्या वर ३ पर्यंत गेला की पुढची वाढ निम्मी होते, ५ च्या पुढं तर जातच नाही. आणि एखाद्या दिवशी इंडेक्सपेक्षा ७ नं भारी खेळलात तर १ कापतात, १० नं खेळलात तर २.

खेळाडू कोट्याचं तर बोलायलाच नको. ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते स्पर्धेतल्या पदकावर, क्रमांकावर मिळतं आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. हँडिकॅप म्हणजे पदक नव्हे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवरून आपल्याच राज्यात पोरं नोकरीतून गेलीत, गुन्हे दाखल झालेत. हे पाठवणाऱ्यांना कुणाच्या पोराचं काय होईल याचं काय पडलंय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजानं. ‘क्लबवाल्यांनी हे सामान्य माणसापासून लांब ठेवलंय’ असं त्यात लिहिलंय, त्यात थोडं तथ्य आहे. इंडेक्स मिळतो तो मान्यता असलेल्या क्लबमार्फतच, आणि मेंबरशिप, ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे), कॅडी (बॅग उचलणारा), सगळ्याला पैसा लागतो. सांगलीतून पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो. पण म्हणून खोटा कागद घ्यायचा?

बाकी मेसेजमधलं ‘सिंगल डिजिट (हँडिकॅप १० च्या आत) झाला की प्रो होता येतं’ वगैरे सोडून द्या.

दाजींना सांगितलंय, पोरगं जिथं शिकतंय तिथल्या ऑफिसात हँडिकॅपचं कोण बघतं ते विचारायचं, ओळखीच्या कुणाबरोबर तीन राउंड खेळायचे, कार्डावर सह्या घ्यायच्या आणि जमा करायचे. ४० येऊ दे नाहीतर ५० येऊ दे. आणि त्या मेसेजमधल्या नंबरवर त्यांनी फोन करून एवढंच विचारलं की हे कुठल्या क्लबच्या नावावर पडणार, तर पलीकडून म्हणे ‘आधी ॲडव्हान्स टाका, मग क्लब सांगतो’.