वायपरच्या टाकीत भांड्याचं लिक्विड? थांबा जरा

ग्रुपवर फिरतंय ना, की बॉनेट उघडा, पांढरी प्लास्टिकची टाकी दिसेल त्यात पाणी आणि दोन झाकणं भांडी घासायचं लिक्विड ओता, काच चकाचक. अहो, पांढरट टाक्या एकापेक्षा जास्त असतात! एक कूलंटची, आणि तिच्यात साबण गेला तर इंजिन थंड ठेवायच्या सिस्टिमचीच वाट लागते, शिवाय गरम इंजिनावर ते झाकण उघडलंत तर उकळतं पाणी अंगावर येईल. वॉशरच्या, म्हणजे काचेवर पाणी उडवणाऱ्या टाकीच्या, झाकणावर काच आणि कारंज्यासारख्या फवाऱ्याचं चित्र असतं, ते बघूनच ओता, आणि बऱ्याच गाड्यांत टाकी खाली लपलेली असते, वर फक्त निळं किंवा काळं झाकण दिसतं.

आता लिक्विडचं. त्याचा फेस होतो, काचेवर तेलकट थर राहतो आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की सगळं धुरकट दिसतं. बोअरचं पाणीही नको, क्षार साचून नोझल, म्हणजे फवाऱ्याचं बारीक भोक, बुजतं, मी एकदा टाचणीने कोरत बसलेलो. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी आणि वॉशर फ्लुइड, प्रमाण बाटलीवर असतं तेच. आणि टाकी रिकामी असताना लिव्हर ओढत बसू नका, मोटर कोरडी फिरून जळू शकते.